दुबईची बेटं आणि मनोरे नीट कसे बघावेत

दुबईहून परतलेल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते: समुद्रात वाळू भरून केलेल्या पाम जुमेरा बेटावर गेलो, पण पाम काही दिसला नाही. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना इमारती, शेवटी अटलांटिस हॉटेल, तिथे फोटो आणि परत. खजुराच्या झाडाचा तो आकार जमिनीवरून कुठूनच दिसत नाही, त्यामुळे नुसतं टॅक्सीने जाऊन येणाऱ्याची निराशा ठरलेली. शिवाय या शहरातलं सगळ्यात अवघड काम उंचीत नाही, पायाभरणीत आहे. समुद्रात टाकलेली वाळू जागेवर कशी ठेवली, खाऱ्या पाण्याने भिजलेल्या जमिनीत बुर्ज खलिफाचा ८२८ मीटरचा मनोरा कशावर उभा केला, हे डोळ्यांसमोर ठेवून फिरलात तर त्याच तिकिटांत दुप्पट बघून होतं.

त्यासाठी दोन पूर्ण दिवस हवेत. नोव्हेंबर ते मार्च हा काळ धरा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवेत धूळ तरंगत असते, त्यामुळे उंचावरून क्षितिज दिसत नाही. हिवाळ्यातही काही पहाटे दाट धुकं पडतं. सकाळचं तिकीट असेल तर आदल्या रात्री हवामान बघून घ्या.

पहिला दिवस: पाम, आधी वरून

सकाळची सुरुवात पाम टॉवरच्या ५२व्या मजल्यावरून करा. ‘द व्ह्यू ॲट द पाम’ नावाची ही गच्ची २४० मीटर उंचीवर आहे आणि प्रवेश नखील मॉलमधून आहे. पहिला किंवा दुसरा स्लॉट घ्या. कारण साधं आहे. पामचा शेंडा वायव्येकडे, समुद्रात गेलेला आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, त्यामुळे फांद्या, त्यांच्यामधलं हिरवट पाणी आणि पलीकडची चंद्रकोरीसारखी कड स्वच्छ उजळलेली दिसते. संध्याकाळी सूर्य समुद्राकडे कलतो. सूर्यास्त सुंदर दिसतो, पण बेट काळपट होतं. तिकीट मात्र संध्याकाळचंच महाग असतं.

तिथे पोचायला मेट्रोच्या रेड लाइनने मरीना भागात या, ट्रामने ‘पाम जुमेरा’ थांब्यावर उतरा आणि पादचारी मार्गाने मोनोरेलच्या गेटवे स्टेशनात जा. मोनोरेलचं भाडं मेट्रोपेक्षा वेगळं असतं. मेट्रो स्टेशनांची नावं प्रायोजकांप्रमाणे बदलतात, म्हणून जुन्या ब्लॉगवरचं नाव घोकून निघू नका. ट्रामला जोडलेलं स्टेशन कोणतं ते ताज्या नकाशात बघा. रविवारी मेट्रो उशिरा, सकाळी ८ वाजता सुरू होते, त्यामुळे पामसाठी दुसरा वार निवडा. मेट्रोत खाणंपिणं, अगदी च्युइंगमसुद्धा, दंडाला पात्र आहे. बायका-मुलांसाठी राखीव डबा असतो, त्यात चुकून चढणाऱ्या पुरुषांनाही दंड होतो. गाडीला चालक नाही. एका टोकाला असलेला गोल्ड क्लासचा डबा ज्या फेरीत पुढे येतो, त्या फेरीत पुढच्या काचेतून शेख झायेद रोडचे सगळे मनोरे समोरून येताना दिसतात. तेवढ्यासाठी एकदा जास्तीचे पैसे मोजायला हरकत नाही.

गच्चीवर उभं राहून काय शोधायचं? आधी चंद्रकोर. बाहेरची ती ११ किलोमीटरची कड म्हणजे लाटा अडवणारा बंधारा. २००१ साली काम सुरू झालं तेव्हा आधी हा बंधारा हाती घेतला. तो नसता तर आतली वाळू वाऱ्या-लाटांनी वाहून गेली असती. मग फांद्यांकडे बघा. एकूण सुमारे ९.४ कोटी घनमीटर वाळू आणि ७० लाख टन दगड इथे ओतला आहे. वाळू वाळवंटातली नाही. वाळवंटातला कण वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेला असतो, एकात एक अडकत नाही आणि पाण्यात टाकला की पसरत जातो. म्हणून आखातातल्या समुद्रतळाची वाळू ड्रेजर जहाजांनी उपसली आणि मोठ्या नळातून कमानीसारखी हवेत फवारून जागेवर टाकली. या फवारणीला ‘रेनबोइंग’ म्हणतात. फांदी कुठे वळते, कुठे संपते हे उपग्रहाच्या साहाय्याने मोजत जहाजं पुढे सरकत होती.

अशी फवारलेली वाळू भुसभुशीत असते. भूकंपाच्या हादऱ्याने पाण्याने भरलेली सैल वाळू क्षणात चिखलासारखी वागू लागते आणि वरचं घर खचतं. म्हणून घरं बांधण्याआधी कंप पावणारे लांब दांडे जमिनीत खुपसून, पाण्याच्या फवाऱ्यासह, सगळी वाळू दाबून घट्ट केली. खड्डा पडेल तिथे वरून आणखी वाळू भरत गेले. समोर दिसणारा एकूण एक बंगला या दाबलेल्या वाळूवर उभा आहे.

आता चंद्रकोरीतल्या फटी शोधा. मूळ आराखड्यात बंधारा सलग होता. तसा ठेवला तर आतलं पाणी भरती-ओहोटीने पुरेसं बदलत नाही, साचतं आणि त्यात शेवाळ माजतं, हे लक्षात आल्यावर दोन बाजूंना तो तोडून वाट दिली. अख्ख्या प्रकल्पात शिकण्यासारखी गोष्ट कोणती म्हणाल तर ही: समुद्र अडवायचा, पण पूर्ण बंद करायचा नाही. बेटामुळे आसपासच्या किनाऱ्यावर वाळू कुठे साचते, कुठे झिजते हेही बदललं आहे, आणि झिजलेल्या जागी पुन्हा वाळू टाकावी लागते.

वरून उतरलात की मोनोरेलने थेट शेवटपर्यंत, अटलांटिसला जा. २००९ साली सुरू झालेली ही मोनोरेल जेमतेम साडेपाच किलोमीटरची आहे. डाव्या-उजव्या खिडकीतून फांद्यांची मुळं दिसतात. फांद्यांवर उतरून फिरायचा विचार सोडून द्या. त्या खासगी वस्त्या आहेत, तोंडाशी पहारा असतो आणि रहिवाशाचं बोलावणं नसेल तर टॅक्सीही परत पाठवतात.

अटलांटिसच्या मागच्या अंगाला, खुल्या समुद्राच्या बाजूने, चंद्रकोरीवर सार्वजनिक फरसबंद वाट आहे. बहुतेक पर्यटक हॉटेलासमोर फोटो काढून परततात आणि इथपर्यंत येतच नाहीत. इथे पंधरा मिनिटं तरी काढा. कठड्यावरून खाली बघितलं की बंधाऱ्याचं वरचं कवच दिसतं: काही टन वजनाचे ओबडधोबड दगड, एकमेकांत अडकवून रचलेले, मध्ये मुद्दाम पोकळ्या सोडलेल्या. लाट दगडावर आपटत नाही, फटींत शिरते आणि तिथेच तिचा जोर मोडतो. त्याखाली लहान दगडांचे थर आहेत आणि सगळ्यात खाली वाळू. वाळू दगडांतून निसटू नये म्हणून मध्ये पाणी जाऊ देणारं जाड कापड अंथरलेलं असतं. उन्हात इथे सावली अजिबात नाही. टोपी आणि पाणी जवळ ठेवा.

संध्याकाळी बुर्ज अल अरब

दुपारचं ऊन उतरल्यावर उम्म सुकैमच्या सार्वजनिक किनाऱ्यावर या. लोक याला सनसेट बीच म्हणतात. बुर्ज अल अरब हे हॉटेल आहे, आरक्षण नसेल तर त्याच्या पुलावर सोडत नाहीत. आत बघायचंच असेल तर मार्गदर्शकासह फेरीचं तिकीट आधी घ्यावं लागतं, आणि ती फेरी त्या दिवसांत चालू आहे ना याची खात्री करून मगच पैसे भरा. पण ही इमारत बाहेरूनच जास्त बोलते.

डिसेंबर १९९९ मध्ये उघडलेला हा ३२१ मीटरचा मनोरा किनाऱ्यापासून सुमारे २८० मीटरवर, स्वतःच्या छोट्या बेटावर आहे. वास्तुरचनाकार टॉम राइट यांना शिडाच्या आकाराची ही इमारत पाण्यातून उगवल्यासारखी दिसायला हवी होती, म्हणजे बेट जितकं बुटकं तितकं चांगलं. बुटक्या बेटावर लाटा चढतात, ही अडचण. तोडगा बेटाच्या कडेला आहे. पोकळ काँक्रीटचे भोकाभोकांचे ठोकळे रचले आहेत, पाणी त्यांच्यात शिरतं, आतच फिरतं आणि शांत होतं. मुंबईकरांना मरीन ड्राइव्हचे टेट्रापॉड आठवतील, काम तेच. दुर्बीण किंवा लांब पल्ल्याची लेन्स असेल तर पाण्याच्या रेषेकडे रोखा.

तळाशी कठीण खडक हाताशी नव्हता, म्हणून सुमारे ४० मीटर लांबीचे २३० पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, वाळूत उतरवले. ते टोकावर टेकलेले नाहीत, अंगाभोवतीच्या वाळूच्या घर्षणाने भार पेलतात. बेट उभारायला जवळपास तीन वर्षं लागली, वरची इमारतही तेवढ्याच काळात झाली. किनाऱ्याकडे तोंड केलेली पांढरी बाजू काच नाही, टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूंचं कापड आहे. दिवसा ते आतल्या अट्रियममध्ये, म्हणजे मधल्या उंच मोकळ्या दालनात, मऊ उजेड सोडतं आणि रात्री त्यावर रंगीत दिवे फेकता येतात. सूर्य मावळून अंधार पडेपर्यंत थांबलात तर दोन्ही रूपं एकाच बैठकीत बघून होतात.

दुसरा दिवस: काचेचे मनोरे

सकाळी म्युझियम ऑफ द फ्युचर. फेब्रुवारी २०२२ मध्ये उघडलेली ही अंडाकृती कड्यासारखी इमारत एमिरेट्स टॉवर्स स्टेशनला पुलाने जोडलेली आहे. आतलं प्रदर्शन आवडेल न आवडेल, बाहेरचं कवच चुकवू नका. वळणदार १,०२४ पत्रे, दोन सारखे सापडणं कठीण, आणि त्यांवरची अरबी अक्षरं म्हणजेच खिडक्या. आत एकही खांब नाही, सगळा भार कवचामागच्या तिरप्या पोलादी जाळीवर आहे. तिकिटं ठरावीक वेळेची असतात आणि मोसमात काही दिवस आधीच संपतात, ऐनवेळी काउंटरवर मिळतील या भरवशावर राहू नका. बाहेरून बघायला मात्र पैसे लागत नाहीत.

दुपारनंतर बुर्ज खलिफा. मेट्रो स्टेशनातून दुबई मॉलपर्यंतचा वातानुकूलित पूल लांबलचक आहे, त्यात सरकते पट्टे असले तरी वीस मिनिटं धरा. वरच्या गच्चीचं प्रवेशद्वार मॉलच्या तळमजल्याखालच्या भागात आहे, ते शोधण्यात आणि लिफ्टच्या रांगेत आणखी वेळ जातो. सूर्यास्त हवा असेल तर त्याच्या निदान सव्वा-दीड तास आधीचा स्लॉट घ्या. सूर्यास्ताच्याच वेळेचा घेतला तर सूर्य रांगेतच मावळतो.

१२४ आणि १२५ या मजल्यांचं साधं तिकीट पुरेसं आहे. १२४वा मजला ४५२ मीटरवर आहे. १४८वा मजला ५५५ मीटरवर, गर्दी कमी, दर बराच जास्त, पण दिसणाऱ्या देखाव्यात त्या मानाने फरक पडत नाही. एक लक्षात ठेवा: वापरात असलेला सर्वांत वरचा मजलाही ५८५ मीटरच्या आसपास संपतो. त्यावरचे सुमारे २४४ मीटर म्हणजे कळस.

वर थांबायची वेळ थोडी वाढवून ठेवा. उंचीमुळे सूर्य जमिनीपेक्षा उशिरा मावळतो, आणि हा फरक इतका खरा आहे की २०११च्या रमजानमध्ये दुबईच्या मुफ्तींनी ८०व्या मजल्यावरच्या लोकांना उपवास दोन मिनिटं आणि १५०व्या मजल्यावरच्यांना तीन मिनिटं उशिरा सोडायला सांगितलं होतं. फोटोसाठी गडद कपडे घाला, लेन्स काचेला टेकवा. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब प्रत्येक फोटोत येतं.

वायव्येला, हवा स्वच्छ असेल तर, समुद्रात विखुरलेले ठिपके दिसतात. ते ‘द वर्ल्ड’. किनाऱ्यापासून सुमारे ४ किलोमीटरवरची, जगाच्या नकाशासारखी रचलेली जवळपास ३०० बेटं, ३२ कोटी घनमीटर वाळू. २००८च्या मंदीनंतर बहुतेक बेटं रिकामीच राहिली. बोटीने जाऊन फारसं काही हाती लागत नाही. ती इथूनच बघावीत.

खाली आल्यावर बुर्ज पार्कच्या बाजूने मनोऱ्याभोवती चालत जा. आडवा छेद इंग्रजी वाय अक्षरासारखा आहे: मधला गाभा आणि त्याला तिन्ही बाजूंनी टेकू देणारे पंख. वर जाताना एकेक पंख आळीपाळीने आखडत जातो, त्यामुळे प्रत्येक उंचीवर वाऱ्याला वेगळाच आकार भेटतो. सारख्या आकाराच्या मनोऱ्यावर वारा ठरावीक लयीत भोवरे सोडतो आणि इमारत डोलू लागते. इथे ती लयच जमत नाही. पायाखाली १.५ मीटर व्यासाचे १९२ पाइल आणि त्यांवर ३.७ मीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे काँक्रीटचा सलग थर, आहे. इथलं भूजल समुद्राहूनही खारट, लोखंड खाऊन टाकणारं, म्हणून दाट काँक्रीटबरोबर विजेच्या सौम्य प्रवाहाने सळ्यांना गंजापासून जपण्याची व्यवस्था केलेली आहे. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओतायचे, मिश्रणात बर्फ घालून, कारण तापलेलं काँक्रीट लवकर आवळतं आणि चिरतं. ते पंपाने ६०० मीटरच्या वर चढवलं गेलं.

वेळ उरला तर रात्री खाडीवर जा. अब्राने, म्हणजे छोट्या होडीने, एका दिरहमात पलीकडे जाता येतं. सुटे एक-एक दिरहम जवळ ठेवा. अल फहिदी या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत वारा पकडून खोलीत सोडणारे चौकोनी मनोरे, बरजील, अजून उभे आहेत. त्यांच्या खाली उभं राहून वर बघितलं की आतल्या तिरप्या भिंतींनी केलेले चार कप्पे दिसतात. वारा कोणत्याही दिशेने आला तरी एक कप्पा त्याला खाली ओढतो आणि समोरचा गरम हवा बाहेर टाकतो. इथे लोक राहतात आणि काम करतात, त्यामुळे बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. सरकारी इमारती आणि विमानतळाभोवतीही कॅमेरा बंद ठेवा. ड्रोन तर नोंदणी आणि परवानगीशिवाय कुठेही उडवता येत नाही, म्हणून तो घरीच ठेवलेला बरा.