वृद्धाश्रमातले टॅब्लेट आणि टॅपचं कुलूप: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

वृद्धाश्रमांच्या आयटी सपोर्टमध्ये कोणी नवीन रुजू झालं की मी आधी एवढंच सांगतो: टॅब्लेट उलटा करून बघ. बऱ्याचदा मागे चिकटपट्टीवर पिन लिहिलेला असतो. त्यावरून कर्मचाऱ्यांना नावं ठेवू नका. हातात रबरी मोजे आहेत, एका हाताने आजोबांना कुशीवर धरून ठेवलंय आणि औषध दिल्याची नोंद त्याच वेळी करायची आहे. अशात सहा आकडी पिन कोण टाकत बसेल? त्यात टॅब्लेट सगळ्या पाळ्यांत फिरतो, पिन सगळ्यांचा एकच. म्हणजे गोळी कोणी दिली, हे नोंदीवरून कळायची सोय नाही. इथे लागतो एनएफसी टॅग: कार्डात बसवलेली किंवा कुठे चिकटवता येणारी छोटी चिप. प्रत्येकाचं कार्ड वेगळं; ते टॅब्लेटला टेकवलं, म्हणजे टॅप केलं, की कुलूप उघडतं आणि नोंद त्याच्या नावावर होते.

एनएफसी टॅगला बॅटरी नसते. समोरचा रीडर, म्हणजे टॅब्लेटमधला टॅग वाचणारा भाग, 13.56 मेगाहर्ट्झवर जे क्षेत्र तयार करतो त्यातूनच त्याला वीज मिळते, आणि अंतर लागतं जेमतेम दोन-चार सेंटिमीटर. मोजे आड येत नाहीत, ओले हातही चालतात. स्टीलची ट्रॉली मात्र आड येते. धातूवर साधा टॅग चिकटवला की तो मुका होतो. तिथे फेराइट या चुंबकीय पदार्थाचा थर असलेलाच घ्यावा लागतो. कार्ड मनगटावर बांधू नका, शुश्रूषा करताना कोपराखाली काही नको असा अनेक ठिकाणी नियम असतो. गळ्यात घालायचं तर ओढल्यावर सुटणारी दोरी हवी. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी ती दोरी कधी धरतील, सांगता येत नाही.

आता विक्रेत्यांबद्दल. "आमचं कार्ड सुरक्षित आहे" असं सगळेच सांगतात. तुम्ही विचारायचं ते हे: तुमचा रीडर कार्डातली गुप्त किल्ली तपासतो, की नुसता क्रमांक वाचतो? क्रमांक कोणताही एनएफसी फोन वाचू शकतो, आणि तो उतरवून घेता येतो अशी स्वस्त कोरी कार्डं बाजारात मिळतात. मायफेअर क्लासिक या जुन्या कार्डाचं क्रिप्टो-1 हे एन्क्रिप्शन तर 2008 मध्येच फोडलं गेलं, तरी ती कार्डं अजून दारोदारी लटकलेली दिसतात. डेसफायर ईव्ही3 किंवा एनटॅग 424 डीएनए या नव्या चिपांमध्ये एईएस-128 हे भक्कम एन्क्रिप्शन आहे. पण महागडं डेसफायर घेऊन सॉफ्टवेअर फक्त क्रमांकच वाचत असेल, तर पैसे पाण्यात. असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय.

दुसरी गोम अँड्रॉइडची. स्क्रीन लॉक असताना फोन सहसा टॅग वाचतच नाही. त्यामुळे 'टॅप करून उघडणारा टॅब्लेट' म्हणजे बहुधा किऑस्क मोडमधलं, म्हणजे टॅब्लेटवर तेवढंच चालू राहील असं, एक अ‍ॅप असतं, त्याचं कुलूप त्याचंच. त्या अ‍ॅपमधून बाहेर पडता येतं का, हे स्वतः खटपट करून बघा. टॅब्लेट बंद करून पुन्हा सुरू करा, चार्जर काढा, नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढा.

लोक उघडण्याच्या सोयीवर भाळतात. मला विचाराल तर खरी कमाई बंद होण्यात आहे. पिन असताना स्क्रीन तीस सेकंदांत बंद केली तर कर्मचारी दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन येतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. टॅप असेल तर तीच तीस सेकंदं कोणाला खुपत नाहीत. ट्रॉलीवर टॅब्लेट तसाच राहिला आणि भेटायला आलेल्या नातेवाइकाने सहज उचलला, तरी त्याला कोणाचीही औषधांची यादी दिसत नाही. नुसतं कार्ड पुरेसं नाही, पाळीच्या सुरुवातीला एकदा कार्ड आणि पिन दोन्ही मागा; पुढे पाळी संपेपर्यंत टॅप चालेल.

बदली कर्मचाऱ्यांचा विचार आधीच करा. रात्री अचानक आलेल्या नर्सला कार्ड मिळालं नाही तर ती शेजारणीचं वापरणार, आणि पुन्हा गोळी कोणी दिली हा प्रश्न आलाच. पाळीपुरतं नावावर करता येणारं आणि सकाळी आपोआप मरणारं कार्ड प्रभारी नर्सच्या कुलूपबंद खणात ठेवा.

हरवलेलं कार्ड सर्व्हरवर रद्द केलं तरी वायफायबाहेरचा टॅब्लेट चालणाऱ्या कार्डांची जुनी यादी धरून बसतो आणि ते कार्ड खुशाल स्वीकारतो. म्हणून करार करण्याआधीच विचारा, यादी किती वेळाने ताजी होते आणि टॅब्लेट किती वेळ ऑफलाइन राहिला की नुसता टॅप नाकारून पिन मागतो. मग हातात टॅब्लेट घेऊन सगळ्या खोल्या फिरा, आणि नेटवर्क कुठे तुटतं ते नकाशावर मांडा.