जटांची मुळं आवळताना
"काय बे, साधू झाला का?" नागपूरच्या सीताबर्डीवर हे कोणीतरी विचारतंच. केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतात, म्हणून माझ्या जटांची, म्हणजे ड्रेडलॉक्सची, मुळं मी पाच-सहा आठवड्यांनीच आवळतो. इतवारीतून आणलेली 0.75 मिमीची क्रोशाची सुई मुळाशी आडवी घालायची, सुटे केस हळूच आत ओढायचे, कोन बदलत राहायचं. एकाच जागी टोचत बसलं तर लट तिथेच कमजोर होते. टाळू दुखली की थांबा. हौसेने दर आठवड्याला पिळून माझे कानशिलावरचे केस विरळ झाले होते. मेण तर नकोच, आत साचतं. मे महिन्यात घामामुळे आठवड्यातून दोनदा धुतो, पण सकाळीच. लट आतून ओली राहिली की कुबट वास धरते. पावसाळ्यात पंख्याखाली दोन-दोन तास बसावं लागते, बाप्पा!