कसबा पेठेचा मतदानाचा इतिहास मांडायचा कसा

पुण्यातला कसबा पेठ विधानसभा मतदारसंघ अनेक दशकं त्याच नावाने ओळखला जातो, पण नावाखालचा भूभाग तोच राहिलेला नाही. म्हणून तक्ता आखण्याआधी काळाचे तुकडे पाडा. १९७८ ते २००४ या काळातल्या निवडणुका १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या सीमांनुसार झाल्या. २००९ पासून २००८ ची पुनर्रचना लागू आहे; तिचा आधार २००१ ची जनगणना. याच फेरीत भवानी पेठ मतदारसंघ नकाशावरून गेला आणि कोथरूड नव्याने आला. गिरीश बापट (भाजप) १९९५ पासून सलग पाच वेळा इथून निवडून आले. त्यातल्या पहिल्या तीन निवडणुका जुन्या सीमांतल्या, शेवटच्या दोन नव्या. पाचही निकाल एका रेषेने जोडलेत तर आलेख देखणा दिसेल आणि चुकीचा असेल. २००४ आणि २००९ च्या मधे उभी रेघ मारा. आजचा क्रमांक २१५ जुन्या निकालांत शोधू नका, तेव्हा क्रमांक वेगळे होते, नावाने शोधा.

उमेदवारनिहाय मतं निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांत मिळतात. इथला नेहमीचा घोटाळा असा, की सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक नसते. फक्त २०१९ आणि २०२४ चे अहवाल उतरवले, तर फेब्रुवारी २०२३ ची पोटनिवडणूक, म्हणजे या मतदारसंघातली सगळ्यात बोलकी लढत, तक्त्यातून गळते. ती वेगळी शोधून घाला.

आता आकडे. २०१९ मध्ये मुक्ता टिळक (भाजप) यांना सुमारे ७५ हजार, तर अरविंद शिंदे (काँग्रेस) यांना ४७ हजार मतं. २०२३ मध्ये रवींद्र धंगेकर (काँग्रेस) ७३ हजार, हेमंत रासने (भाजप) ६२ हजार. २०२४ मध्ये रासने ९० हजार, धंगेकर साडेसत्तर हजार. नुसतं मताधिक्य पाहिलं तर २०२४ मध्ये काँग्रेस कोसळली असं वाटतं. प्रत्यक्षात धंगेकरांची मतं दोन-तीन हजारांनीच घटली. रासनेंची २८ हजारांच्या आसपास वाढली. पोटनिवडणुकीत मतदान ५० टक्क्यांच्या घरात होतं, २०२४ मध्ये ते बरंच वाढलं. तेव्हा मताधिक्याचा रकाना शेवटी ठेवा. आधी प्रत्येकाची मतं, एकूण मतदान आणि मतदारसंख्या.

शेजारी ‘कोण कोणाबरोबर’ असा रकाना हवाच. २०१४ मध्ये भाजप, शिवसेना, काँग्रेस आणि राष्ट्रवादी सगळे स्वतंत्र लढले. २०१९ मध्ये युती होती, तरी इथे शिवसेनेचा बंडखोर उभा होता. २०२३ मध्ये महाविकास आघाडीचा एकच उमेदवार. पक्षाइतकाच माणूसही नोंदवा. धंगेकर २००९ मध्ये मनसेकडून दुसऱ्या क्रमांकावर होते. त्यांची तेव्हाची मतं काँग्रेसच्या रकान्यात बसत नाहीत, पण पुढचा निकाल समजायला लागतात.

खरी मजा मतदान केंद्रनिहाय निकालात आहे. त्यासाठी नमुना २० (फॉर्म २०, म्हणजे प्रत्येक केंद्रावरच्या मतांचा अधिकृत तक्ता) लागतो. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मतदारसंघनिहाय मिळतो. बऱ्याच प्रती स्कॅन केलेल्या असतात, त्यामुळे ३ चा ८ होतो. प्रत्येक ओळीत उमेदवारांच्या मतांची बेरीज छापील एकूण वैध मतांशी ताडून पाहा. पानाअखेरची बेरीज छापलेली असेल, तर ती ओळ केंद्र समजून मोजू नका. टपाली मतं शेवटी वेगळी येतात, कोणत्याही केंद्रात ती टाकू नका. नोटा (‘यांपैकी कोणीही नाही’) इथे २०१४ पासूनच आहे आणि वैध मतांत धरत नाहीत. टक्केवारीचा छेद कोणता घेतला ते तक्त्याच्या डोक्यावर लिहा.

दोन निवडणुकांतलं केंद्र क्रमांक ११२ एकच असेल असं मात्र गृहीत धरू नका. मतदार वाढले की केंद्र फुटतं, कमी झाले की दुसऱ्यात मिसळतं, आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. जोडणी क्रमांकावरून न करता मतदार यादीच्या त्या-त्या भागातल्या पत्त्यांवरून करा. ते जमत नसेल तर एका शाळेतली सगळी केंद्रं एकत्र धरा. बारकावा थोडा जातो, चूक टळते. जुन्या पेठांत आणखी एक अडचण: वाडा पाडून इमारत उभी राहीपर्यंत माणसं उपनगरात जातात, नावं यादीत राहतात. अशा केंद्रात टक्का कमी दिसला की लगेच ‘उदासीनता’ लिहू नका.

लोकसभेचे आकडेही विधानसभा क्षेत्रनिहाय मिळतात, कारण मोजणीच तशी होते. मे २०२४ मध्ये कसब्यातही मुरलीधर मोहोळ (भाजप) धंगेकरांच्या पुढे होते. ही ओळ नोव्हेंबर २०२४ च्या वर ठेवा, पण वेगळ्या रंगात.