नवं घोडं लगाम घेत नसेल तर या चुका टाळा

सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली ३ वर्षांची घोडी. म्होरकीवर (तोंडात लोखंड नसलेल्या दोरीच्या मुसक्यावर) शहाण्यासारखी चालायची, पण लगाम, म्हणजे तोंडात बसणारं लोखंड, आत गेला की मान झटकायची, तोंड वासायची आणि डावीकडे वळवायला गेलं की थेट दोन पायांवर उभी राहायची. ‘तोंडाची कडक आहे, हात जड ठेवा,’ असं विकणाऱ्याने बजावलं होतं. पाचव्या दिवशी चांगल्या उजेडात डॉक्टरांकडून तिचं तोंड उघडून घेतलं. वरच्या डाव्या दाढेवर दुधाच्या दाढेचं टरफल अर्धवट सुटून लटकत होतं आणि त्याची कड गालात रुतली होती. ते काढलं, जखम भरेपर्यंत लगाम बंद ठेवला. नंतर दुखणं राहिलं नाही, पण मान झटकायची सवय मोडायला दोन महिने गेले. हे तोंड मी पहिल्याच दिवशी दाखवायला हवं होतं.

सगळ्यात मोठी चूक हीच: तोंड न बघता घोड्याला हट्टी ठरवणं. आपण लगाम शिकवतो ते साधारण अडीच ते चार वर्षांच्या वयात, आणि नेमके तेव्हाच दात बदलत असतात. समोरचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास पडतात. दुधाच्या दाढाही अडीच ते चार वर्षांत जातात. काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढे एक बारीकसा जादा दात असतो, कधी तो हिरडीखालीच दबलेला असतो. लगाम त्याच्यावर आपटला की कळ जाते. घोडं कडब्याचे चघळलेले गोळे खाली टाकतंय, एकाच बाजूने खातंय, तोंडाला वास येतोय, तर आधी डॉक्टर. स्वतः दाढांपर्यंत बोटं घालू नका. ओठांचे कोपरे आणि दात नसलेली मोकळी हिरडी मात्र रोज बघा; सोललेलं किंवा निळसर दिसलं तर त्या दिवशी लगाम नको.

दुसरी चूक मापाची. घरातल्या मोठ्या घोड्याचा लगाम लहानाला चढवतात. तो रुंद असला की तोंडात इकडेतिकडे सरकतो, अरुंद असला की ओठ चिमटतो. दोन्ही बाजूंना ओठाबाहेर अर्धा सेंटीमीटर मोकळा राहिला की पुरे. फार खाली लोंबला तर घोडं जीभ त्याच्यावरून काढायला शिकतं. अशा वेळी जीभ बांधायची नाही, गालपट्टी एका भोकाने वर घ्यायची. तोंड वासतंय म्हणून नाकपट्टा आवळणं हाही उपाय नव्हे. नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटं जायलाच हवीत.

घालण्या-काढण्यातली घाई तर सगळीकडे दिसते. थंडीत लोखंड हातात धरून कोमट करा, हवा तर गूळ चोळा. दात मिटलेले असले तर अंगठा ओठाच्या कोपऱ्यात घाला, तिथे दात नसतात. काढताना ओढू नका. घोडं स्वतः तोंड उघडून लगाम सोडेपर्यंत थांबा. दातांवर एकदा ठणका बसला की दुसऱ्या दिवशी ते मान वर करूनच उभं राहतं.

आता हाताचं. ओढ लागून घोडं शिकत नाही, ओढ सुटते तेव्हा शिकतं. वादी, म्हणजे लगामाला जोडलेला हातातला पट्टा, हलकी धरून नजर जबड्यावर ठेवा. जबडा सैल पडतो, जीभ लोखंडावर फिरते, एकदा गिळल्यासारखं होतं. त्याच क्षणी बोटं उघडायची. तो क्षण चुकला की घोड्याला उत्तरच मिळत नाही, मग ते आणखी जोर लावतं. ज्याची बैठक पक्की नाही असा स्वार तोल सांभाळायला वादीला लोंबकळतो, त्याला नव्या घोड्यावर बसवूच नका. सुरुवातीचे काही आठवडे लगाम नुसता तोंडात असू द्या आणि वळवणं-थांबवणं म्होरकीच्या दोरीवर करा.

मान वाकवून वादी खोगिराला बांधायची आणि घोडं तासन्‌तास तसंच उभं ठेवायचं, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. त्याने कितीही नमतं घेतलं तरी त्याला सुटका नाही, मग ते शिकणार काय?

आणि काटेरी लगाम. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत काटे-खिळे असलेल्या लगामाला बंदी आहे, तरी बाजारात तो मिळतो. लगाम टेकतो तिथे जबड्याच्या हाडावर पातळ कातडीच असते. काटा टोचला की काही घोडी थांबतात, काही दुखण्यापासून पळायला म्हणून उधळतात, आणि मग त्यांना आवरायला आणखी धारदार लोखंड शोधलं जातं.

तोंड, माप, हात सगळं ठीक असूनही झगडा चालूच असेल तर दुखणं पाठीत आहे का ते बघायला खोगीर उतरवा. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या, तंगाखाली (खोगीर आवळायच्या पोटाखालच्या पट्ट्याखाली) सोललंय का बघा.