एचपीव्ही पॉझिटिव्ह आला तर घरात सीआयडी सुरू करण्याआधी हे वाचा

एचपीव्ही हा संबंधातून पसरणारा व्हायरस, त्याच्या काही टाइपमुळे पुढे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना घेऊन त्याची टेस्ट करतात. रिपोर्टवर 'हाय रिस्क एचपीव्ही डिटेक्टेड' दिसलं की डोक्यात पहिला प्रश्न एकच, हा आला कुठून, आणि मग नवऱ्याचा मोबाइल तपासला जातो नाहीतर तो बायकोकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतो. ते आधी थांबवा. रिपोर्ट एवढंच सांगतो की आज घेतलेल्या नमुन्यात व्हायरस सापडला. कधी आला, कोणी दिला, हे कुठलीच लॅब सांगू शकत नाही.

कारण हा व्हायरस कातडीतला, रक्तातला नाही. संबंधाच्या वेळी नाजूक त्वचेला डोळ्याला न दिसणारे ओरखडे पडतात, तिथून तो सगळ्यात खालच्या थरातल्या पेशींत शिरतो. ताप नाही, खाज नाही, दुखणं नाही. पेशी मारत नाही म्हणून प्रतिकारशक्तीला बराच काळ पत्ताच लागत नाही, म्हणजे पोटभाडेकरू राहतोय पण वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नावच नाही असं. साधारण १० पैकी ९ जणांमध्ये दोनेक वर्षांत शरीर त्याला आवरतं आणि टेस्ट निगेटिव्ह येते. आता निगेटिव्ह म्हणजे समूळ गेला, की खालच्या थरात इतका थोडा उरलाय की टेस्टला सापडत नाही, हे टेस्टवरून ठरत नाही. असा दबून बसलेला व्हायरस पुढे कधीतरी, एचआयव्ही असेल, ट्रान्सप्लांटनंतरच्या गोळ्या चालू असतील, किंवा वयामुळे ताकद कमी झाली असेल, तर परत वर येऊ शकतो. म्हणून लग्नाला १५ वर्षं झालेल्या बाईचा रिपोर्ट आज पॉझिटिव्ह आला तर तो लग्नाआधीचाही असू शकतो, तिचा किंवा त्याचा, आणि आयुष्यात एकच जोडीदार असला तरी हा होऊ शकतो. यावरून कोणी कोणाला फसवलं असं काही सिद्ध होत नाही.

कंडोम वापरत होतो तरी कसा झाला, असं हमखास विचारतात. कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही, कारण जेवढी कातडी झाकली जात नाही तिथून तो पसरतोच. तोंडाने किंवा गुदद्वारातून केलेल्या सेक्समधूनही जातो.

नवऱ्याची टेस्ट करू का? पुरुषांसाठी अशी नेहमीची टेस्ट नाहीये, त्यामुळे पैसे घालवू नका. त्याला काही कोंब, चामखीळ दिसत असेल तर मात्र स्किनच्या डॉक्टरला दाखवा. आणि हो, कोंब बहुतेक वेळा टाइप ६ आणि ११ मुळे येतात, कॅन्सरवाले मुख्य टाइप १६ आणि १८ वेगळे, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के या दोघांमुळे. दोन गोष्टी एकत्र करून घाबरू नका.

मग करायचं काय? रिपोर्टवर १६ किंवा १८ असेल तर गायनॅककडे जाऊन कोल्पोस्कोपीबद्दल विचारा, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयाचं तोंड बघतात. 'अदर हाय रिस्क', म्हणजे १६-१८ सोडून दुसरा धोक्याचा टाइप असेल आणि पॅप, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, नॉर्मल असेल तर बहुतेक वेळा वर्षभराने परत टेस्ट सांगतात. व्हायरस मारायचं औषध नाही, त्यामुळे 'एचपीव्ही क्लिअर' म्हणून विकले जाणारे काढे घेऊ नका, सिगारेट किंवा मिश्री असेल तर ती सोडा, त्याचा खरंच उपयोग आहे. व्हायरस टिकला तरी कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात (प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर ५-१०), म्हणजे मधेच पकडायला भरपूर वेळ असतो.

हे नुसतं बोलायला नाही, आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातच, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या बायकांवर मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला. एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, आणि तपासणीच न झालेल्या जवळपास तेवढ्याच गटात ६४. एकच टेस्ट! आणि आपण ती टाळत बसतो, 'मला काही त्रास नाही' म्हणून, पण सुरुवातीला त्रास नसतोच.

लस आता घेऊन उपयोग आहे का? आत असलेला टाइप ती घालवत नाही, पण न लागलेल्या टाइपपासून वाचवते, तेव्हा डॉक्टरांशी बोलून ठरवा. खरा फायदा मुलामुलींना, ९ ते १४ वयात दोन डोस, १५ नंतर तीन. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक ६, ११, १६, १८ या चार टाइपवर चालते आणि मुलग्यांनाही देता येते, फक्त मुलींची लस समजू नका.

रिपोर्टचा फोटो काढून फोनमध्ये तारखेसकट ठेवा, पुढच्या वेळी डॉक्टर पहिलं हेच विचारणार, मागच्या वेळी कोणता टाइप होता.