आंघोळीत सुचतं, मग हवं तेव्हा का नाही? या चुका टाळा

तारे का लुकलुकतात हे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना चार ओळींत कसं सांगायचं, यावर मी आठ दिवस अडले होते. मुलांसाठी विज्ञानाचे धडे लिहिणं हे माझं रोजचं काम. टेबलावर खोडलेल्या कागदांचा ढीग झाला, पण एकही ओळ मनासारखी उतरेना. नवव्या दिवशी सकाळी आंघोळ करताना स्टीलची साबणदाणी हातातून निसटून बादलीत पडली. वरून नळाची धार चालू होती. साबणदाणी तळाशी गप्प पडलेली, तरी थरथरताना दिसत होती. ती हलत नव्हती, मधलं पाणी हलत होतं. तारा म्हणजे ती साबणदाणी, आणि आपल्या डोक्यावरची हवा म्हणजे ते पाणी! हात पुसायलाही न थांबता मी आरशावरच्या वाफेत बोटाने लिहिलं: साबणदाणी, पाणी, तारा.

हा किस्सा सांगितला की बरेच जण म्हणतात, ‘आम्हीही फिरायला जातो, आंघोळीला वेळ लावतो, आम्हाला कसं काही सुचत नाही?’ त्यांच्याशी बोलताना आणि स्वतःवर लक्ष ठेवताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या.

रिकाम्या डोक्याने निघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. ती साबणदाणी पहिल्याच दिवशी पडली असती, तर मी ती उचलून जागेवर ठेवली असती आणि विसरून गेले असते. आठ दिवस प्रश्न डोक्यात घोळत होता, म्हणून तिच्यात तारा दिसला.

फ्रेंच गणिती आंरी प्वँकारे यांचा अनुभव प्रसिद्ध आहे. कुतांस या गावी घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताच त्यांना एका अडलेल्या गणिताची किल्ली सापडली. त्या क्षणी ते गणिताचा विचारही करत नव्हते. पण त्याआधी पंधरा दिवस ते रोज टेबलाशी बसून त्याच विषयाशी झुंजले होते, हे सांगायचं राहून जातं. आयरिश गणिती विल्यम हॅमिल्टन यांचंही तसंच. 16 ऑक्टोबर 1843 रोजी डब्लिनमध्ये कालव्याच्या काठाने पत्नीबरोबर चालताना त्यांना चतुर्दलांचं, म्हणजे चार-चार संख्यांच्या गटांच्या गुणाकाराचं सूत्र सुचलं. त्याआधी कित्येक वर्षं ते तीन-तीन संख्यांच्या गटांचा गुणाकार जमवायला धडपडत होते.

तेव्हा उठण्याआधी अडलेला प्रश्न एका वाक्यात लिहून काढा, आणि तो नेमका लिहा. ‘धडा कसा लिहू?’ हा प्रश्न फार मोघम आहे, मन त्याला कुठे धरणार? ‘जागचा न हलणारा तारा हलल्यासारखा का दिसतो, हे मुलांना घरातल्या कुठल्या वस्तूने दाखवता येईल?’ असं लिहिलं की घरातल्या वस्तू आपोआप डोळ्यांत भरू लागतात.

मोकळी जागा भरून टाकणं

फिरताना कानात कुणाचं तरी बोलणं, रांगेत उभं राहिलं की हातात फोन, जिना चढतानाही एखादा व्हिडिओ. पाय चालतात, पण मनाला हिंडायला जागाच उरत नाही. मला हे मनापासून खुपतं, कारण दिवसातले हे मोकळे तुकडे मुळात थोडे असतात आणि आपण तेही देऊन टाकतो. दिवसातली निदान एक फेरी फोन घरी ठेवून मारा. पहिले दोन-तीन दिवस फार चुळबुळ होते, ती होऊ द्या.

याच्या उलट टोकाची चूकही होते. काही जण सगळं बंद करून कोऱ्या भिंतीसमोर डोळे मिटून बसतात आणि विचार येण्याची वाट बघतात. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांना कपड्यांच्या घड्या घालण्याचा कंटाळवाणा व्हिडिओ दाखवला आणि काहींना थोडं गुंतवून ठेवणारा चित्रपटातला प्रसंग. मन भटकण्याचा नव्या कल्पनांना फायदा झाला, तो या दुसऱ्या गटात. आंघोळ, भांडी घासणं, झाडांना पाणी घालणं, ओळखीच्या रस्त्याने चालणं ही कामं मला म्हणूनच मोलाची वाटतात. त्यात हात गुंतलेले असतात आणि मन बऱ्यापैकी सुटं असतं.

जागा एक, काम दुसरंच

चालण्याचा गुण खरा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चालताना लोकांना बसलेल्यांपेक्षा सरासरी 60 टक्के जास्त कल्पना सुचल्या, आणि कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. तेव्हा बाग नाही, नदीकाठ नाही म्हणून अडून बसू नका, गच्ची किंवा व्हरांडा पुरतो. मात्र एकच अचूक उत्तर शोधायच्या कोड्यांत चालण्याने मदत झाली नाही. हिशेब तपासायचा असेल, मजकुरातल्या चुका काढायच्या असतील, तर खुर्चीच बरी.

आवाजाचंही थोडं असंच आहे. 2012 च्या एका अभ्यासात सुमारे 70 डेसिबल, म्हणजे गजबजलेल्या उपाहारगृहाइतक्या गलबल्यात, 50 डेसिबलच्या शांततेपेक्षा जास्त कल्पक उत्तरं मिळाली. आवाज 85 वर गेला की मात्र घसरण झाली. एक भर माझ्या अनुभवाची: गलबला चालतो, पण शेजारच्या टेबलावरचं संभाषण स्पष्ट ऐकू यायला लागलं की मी उठून जागा बदलते.

‘नंतर लिहू’ म्हणणं

झोप लागता लागता सुचलेल्या गोष्टी सगळ्यात जास्त निसटतात. एडिसन हातात धातूचे गोळे धरून डुलकी घेत, म्हणजे डोळा लागताच गोळे पडून आवाजाने जाग येई, असं सांगतात. पॅरिसमधल्या संशोधकांनी 2021 साली हा प्रकार तपासला. गणिताच्या कोड्यातला लपलेला नियम जागं राहिलेल्यांपैकी 30 टक्के लोकांना सापडला, निदान 15 सेकंद हलकी डुलकी लागलेल्यांपैकी 83 टक्के लोकांना. त्याहून गाढ झोपेत गेलेल्यांना हा लाभ मिळाला नाही.

एका धड्याचा शेवट मला असाच रात्री सुचला होता. इतका चपखल होता की सकाळी आठवेलच, अशी खात्री वाटली. सकाळी आठवला तो फक्त आनंद, शेवट गेला तो गेलाच. तेव्हापासून उशाशी आणि खिशात हाताच्या पंजाएवढा कागद व पेन्सिल असते. अंधारात पूर्ण वाक्य लिहायला जाऊ नका, सकाळी वाचताच येत नाही. तीन ठळक शब्द पुरेसे असतात. हॅमिल्टन यांनीसुद्धा त्या कालव्यावरच्या पुलाच्या दगडावर चाकूने सूत्र कोरलं, पण खिशातल्या वहीतही लिहिलं होतं.

आणि लिहिलेलं त्याच दिवशी टेबलावर तपासा. सुचण्याच्या क्षणी येणारी खात्री दर वेळी खरी ठरत नाही. प्वँकारे यांनीही घरी परतल्यावर बसून पडताळणी केली होती.

मी बादली आणि साबणदाणी घेऊन तो धडा मुलांना करून दाखवला. सगळी खूश. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, ‘मग गुरू आणि शुक्र का लुकलुकत नाहीत?’ ग्रह जवळ असल्याने आपल्याला बिंदूएवढे नाही, तर बारीक चकतीएवढे दिसतात. त्या चकतीच्या वेगवेगळ्या भागांची थरथर एकमेकीत मिसळून जाते, हे मला माहीत होतं. पण बादलीतली साबणदाणी ते दाखवत नव्हती. आता तो प्रश्न एका वाक्यात लिहून खिशात ठेवला आहे. आज टेबलाशी त्याचा दुसरा दिवस.