घरी लॅन केबल बनवताय? या चुका टाळा

"दोन्ही टोकांना तारांचे रंग सारखे लावले की झालं." हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला, त्याला एकदा भेटायचंय. रंग सारखे हवेत हे खरं, पण म्हणून कुठलाही क्रम चालत नाही. केबलमध्ये तारांच्या चार पिळलेल्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ शेजारच्या जोडीतली गडबड अडवतो. त्यामुळे कनेक्टरमधल्या (केबलच्या टोकाला बसणारा प्लास्टिकचा प्लग) ३ आणि ६ नंबरच्या पिनांवर एकाच जोडीच्या तारा यायला हव्यात. ५६८बी या ठरलेल्या जोडणीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी घुसते, ती उगाच नाही.

ओळखीच्या एका काकांनी खालच्या राउटरपासून गच्चीवरच्या खोलीपर्यंत केबल ओढून घेतली होती. टोकं लावणाऱ्या पोराने डोळ्यांना बरं दिसावं म्हणून नारिंगीशेजारी नारिंगी, हिरव्याशेजारी हिरवा असे रंग लावले. केबल टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले, पोरगा पैसे घेऊन गेला. पण व्हिडिओ कॉल सारखा तुटायचा. काकांनी राउटर बदलला, इंटरनेटवाल्याशी भांडण काढलं. मी गेलो तेव्हा आधी कनेक्टर उजेडात धरला. तिसऱ्या जागी पांढरा-हिरवा, सहाव्या जागी निळा! साधा टेस्टर तार इकडून तिकडे पोचली का एवढंच सांगतो, कोण कोणाशी पिळलंय ते त्याला दिसत नाही. दोन्ही टोकं छाटली, नव्याने क्रिंप केली (टूलने कनेक्टर दाबून बसवले), कटकट संपली. अशी केबल आखूड असली तर खपूनही जाते, म्हणून तर हा गोंधळ लवकर सापडत नाही.

स्पीड ९४-९५ एमबीपीएसवर अडकलाय? प्लॅन मोठा असेल तर ४, ५, ७, ८ या पिना बघा. १०० एमबीपीएसच्या लिंकला चारच तारा पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात.

पीळ गरजेपुरताच सोडा, १३ मिलिमीटरच्या आत. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत, क्लिपखाली दाबलं गेलंच पाहिजे. नाहीतर ओढ थेट तारांवर येते. मी तारा सरळ करून कापतो, आत सारतो आणि आठही टोकं कनेक्टरच्या समोरच्या भिंतीला टेकलेली दिसल्याशिवाय क्रिंपिंगचं टूल हातात घेत नाही. घाई असणाऱ्यांनी आधी चहा घ्यावा.

स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. चाकूने तार खरवडली की आत पांढरं दिसतं. भिंतीतल्या पाइपात असली केबल घालू नका, आणि चांगली केबलसुद्धा लाइटच्या वायरींच्या पाइपात नको.

रबरी बूट (कनेक्टरमागची टोपी) क्रिंप करण्याआधी केबलवर घाला. मीटरभराची पॅच कॉर्ड (कनेक्टर लावलेली तयार छोटी केबल) मात्र विकतच आणा.